बस कुठे पोचली?

बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात जगात कुठेही एकच प्रश्न असतो, "बस कुठे पोचली?" आज या प्रश्नाचे उत्तर देणारे यंत्र मुठीत मावेल एवढे लहान झाले आहे. ते बसमध्ये बसवले की उपग्रहांच्या साहाय्याने बसचे ठिकाण कळते आणि लगेच कचेरीतल्या पडद्यावर किंवा प्रवाशाच्या मोबाईलवर दिसू लागते. त्यामुळे पुष्कळांचा असा समज आहे की हे यंत्र बसवले म्हणजे बससेवा सुधारलीच. इतिहास मात्र थोडे वेगळे सांगतो. बसचा माग काढण्याचे प्रयत्न उपग्रहांच्या कितीतरी आधीचे आहेत. काही ठिकाणी सेवा सुधारली ती उपग्रहांची वाट न पाहता. काही ठिकाणी यंत्रे आली, पण थांब्यावरचा माणूस होता तिथेच राहिला. असे का झाले, ते पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या बसचा इतिहास सुमारे शंभर वर्षांचा. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३२ साली रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी सुटली. गोव्यात मुक्तीपूर्वी आणि मुक्तीनंतरही बरीच वर्षे खासगी गाड्यांचेच राज्य होते. १९७८-७९ मध्ये बसच्या तिकिटात पन्नास टक्के सवलत मिळावी म्हणून गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी मोठे आंदोलन केले. त्यानंतर १९८० साली कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले.

या सगळ्या सेवांत बस कुठे आहे हे जाणण्याचे साधन एकच होते, घड्याळ आणि कागद. बेस्टचा स्टार्टर, एसटीचा वाहतूक नियंत्रक, आपल्याकडचा टाइमकीपर, नावे निराळी पण काम तेच. बस सुटली की वेळ लिहायची, आली की वेळ लिहायची. मध्ये एखाद्या नाक्यावर तपासनीस उभा असला तर तो आपल्या वहीत टिपून घेई. म्हणजे बसचा ठावठिकाणा दोन टोकांना ठाऊक असे आणि मधला सगळा रस्ता रामभरोसे.

कचेरीत काम करणाऱ्या माणसाला नोंदवहीची महती सांगायला नको. जे वहीत आहे ते घडले आणि जे वहीत नाही ते घडलेच नाही, असा आमचा कारभार. बसच्या वहीत काय असते? किती फेऱ्या ठरल्या होत्या, किती झाल्या, किती रद्द झाल्या, किती किलोमीटर, किती डिझेल, किती तिकिटे. या सगळ्या नोंदी खऱ्या आणि आवश्यक आहेत. पण थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाची किती मिनिटे गेली, यासाठी त्या वहीत रकानाच नसतो.

हा रकाना नसल्याने काय होते, ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा एका मार्गावर दर दहा मिनिटांनी बस आहे, म्हणजे तासाला सहा. कुणीही केव्हाही थांब्यावर आला तर त्याला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागेल. आता त्याच सहा गाड्या दोन-दोनच्या जोडीने येऊ लागल्या. दर वीस मिनिटांनी दोन गाड्या एकामागोमाग, मग वीस मिनिटे शुकशुकाट. फेऱ्या सहाच झाल्या. डिझेल तेवढेच, चालक-वाहक तेवढेच. वहीत कामगिरी शंभर टक्के. पण थांब्यावरच्या माणसाला आता सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. त्याची वाट पाहणे दुप्पट झाले आणि वहीला त्याचा पत्ताही नाही.

बसेस अशा जोडीने का येतात, याचे उत्तर न्यूएल आणि पॉट्स या दोन गणितज्ञ अभ्यासकांनी १९६४ साली मांडले. एखादी बस काही कारणाने दोन मिनिटे मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमलेली असतात. ती चढायला वेळ लागतो, त्यामुळे ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला मात्र थोडीच माणसे मिळतात, म्हणून ती झपझप पुढे येते. शेवटी मागची पुढचीला गाठते. पुढची खच्चून भरलेली आणि मागची रिकामी, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात चालकाचा दोष असलाच पाहिजे असे नाही. सेवा तिच्या मनाने चालू दिली तर ती आपोआप बिघडते. ती बिघडू नये म्हणून वाटेतच कुणीतरी हस्तक्षेप करावा लागतो, आणि त्यासाठी बस वाटेत कुठे आहे हे कळावे लागते. बसचा माग काढण्याची खरी गरज इथून सुरू होते.

या बाबतीत सर्वांत बोधप्रद इतिहास लंडनचा आहे. तिथे १९९० च्या दशकाच्या आरंभी १८ क्रमांकाच्या मार्गावर एक प्रयोग झाला. त्यात उपग्रह नव्हते. रस्त्याकडेच्या खांबांवर छोटी संदेशयंत्रे बसवली होती. बस जवळून गेली की तिला आपण कोणत्या खांबापाशी आहोत ते कळे. तिथून पुढचे अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून मोजले जाई. ही माहिती बिनतारी संदेशाने केंद्राकडे जाई आणि थांब्यावरच्या फलकावर अक्षरे उमटत : अमुक बस, अमुक मिनिटे. या योजनेचे नाव होते काउंटडाउन. पुढे सुमारे दोन हजार थांब्यांवर असे फलक लागले.

या प्रयोगाची पाहणी झाली तेव्हा एक गंमतशीर गोष्ट आढळली. वाट पाहण्याचा वेळ कमी झाला असे प्रवाशांना वाटू लागले होते. बसेस जास्त नियमित झाल्या असेही त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्या मार्गावरच्या बसेस पूर्वीपेक्षा नियमित झालेल्या नव्हत्या. बदलले होते ते फक्त वाट पाहणाऱ्याचे मन.

गोव्याच्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. चोडण किंवा दिवाडीला जाण्यासाठी धक्क्यावर उभे असताना फेरीबोट पलीकडच्या काठाला लागलेली आपल्याला दिसते. ती सुटली, पात्राच्या मध्यावर आली, वळली, हे सगळे डोळ्यांसमोर घडते. त्यामुळे दहा मिनिटे थांबावे लागले तरी माणूस कासावीस होत नाही. कुणी चहा पिऊन येतो, कुणी ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोलतो. बसथांब्यावरची तीच दहा मिनिटे जिवावर येतात, कारण वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. बस येणार आहे की आलीच नाही, रिक्षा करावी की थांबावे, काहीच ठरवता येत नाही. लंडनच्या त्या फलकाने वळणापलीकडचे दाखवले. ही सोय काही थोडी नव्हे. पण दिलासा मिळणे वेगळे आणि बस वेळेवर येणे वेगळे.

बस वेळेवर आणण्याचे काम लंडनमध्ये एका करारपत्राने केले. तिथल्या बसेस खासगी कंपन्या चालवतात. मार्गांसाठी निविदा काढण्याची पद्धत १९८५ पासून सुरू झाली आणि सरकारी बस कंपन्या १९९४ मध्ये विकल्या गेल्या. मात्र मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचे दर सार्वजनिक संस्थेच्याच हातात राहिले. २००० साली ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही संस्था स्थापन झाली आणि २००१ पासून तिने नव्या प्रकारचे करार आणले. या करारांत कंपनीला बस चालवण्याचे ठरलेले पैसे मिळतात, तिकिटांचे उत्पन्न संस्थेकडे जाते. शिवाय एक अट असते. जास्त गाड्या असलेल्या मार्गांवर प्रवाशाला वेळापत्रकाप्रमाणे सरासरी किती थांबावे लागले असते आणि प्रत्यक्षात किती थांबावे लागले, यांतला फरक मोजायचा. याला आपण 'जादा प्रतीक्षा' म्हणू. आपल्या वरच्या हिशेबात ती पाच मिनिटे होईल. ही जादा प्रतीक्षा ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी झाली तर कंपनीला बक्षीस, वाढली तर पैशांत कपात. बक्षीस करारातील रकमेच्या पंधरा टक्क्यांपर्यंत आणि कपात दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शके.

म्हणजे जो रकाना कुणाच्याही वहीत नव्हता तो आला आणि त्याच्यासमोर पैशांचा आकडा लिहिला गेला.

परिणाम लवकरच दिसला. २००० च्या सुमारास लंडनच्या गजबजलेल्या मार्गांवर जादा प्रतीक्षा सरासरी दोन मिनिटांहून जास्त होती. २००५-०६ पर्यंत ती एका मिनिटाच्या जवळ आली. याचे सगळे श्रेय कराराला देता येणार नाही. त्याच काळात गाड्या वाढवल्या गेल्या, बससाठी राखीव पट्टे आखले गेले आणि फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसले. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तोपर्यंत ही जादा प्रतीक्षा मोजली जात होती ती माणसे उभी करून. ठराविक ठिकाणी पाहणी करणारे लोक बसेसच्या वेळा टिपत आणि त्यावरून हिशेब होई. उपग्रहावर चालणारी यंत्रणा लंडनच्या बसेसमध्ये आली ती त्यानंतर, २००७ ते २००९ या काळात. सुधारणा आधी झाली, उपग्रह मागाहून आला.

उपग्रहांची कथाही थोडक्यात सांगितली पाहिजे. जीपीएस ही अमेरिकेच्या लष्कराची यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे ठार झाली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले की ही यंत्रणा नागरी वापरासाठीही खुली राहील. १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. पण नागरी वापरासाठीच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि ती शंभर मीटरपर्यंत जाई. शंभर मीटरची चूक म्हणजे बस स्थानकात शिरली की अजून बाहेरच्या रस्त्यावर आहे, हे खात्रीने सांगता येऊ नये. मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही मुद्दामची चूक बंद झाली आणि अचूकता एकदम वाढली. स्वस्त यंत्रांचा बाजार बहरला तो त्यानंतर.

लंडनच्या नव्या यंत्रणेचे नाव आयबस. सुमारे आठ हजार गाड्यांत ती बसली. उंच इमारतींच्या मध्ये उपग्रह नीट दिसत नाहीत, म्हणून चाकांच्या फेऱ्या आणि वळणे मोजण्याची सोयही सोबत ठेवली होती. पुढचा थांबा कोणता हे बसमध्ये बोलून सांगितले जाऊ लागले, याचा अंध प्रवाशांना फार उपयोग झाला. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला आपल्या मार्गावरच्या सगळ्या गाड्या एका रेषेवर दिसू लागल्या. दोन गाड्या फार जवळ आल्या तर तो मागच्या चालकाला थोडे थांबायला सांगतो. आत बसलेल्या प्रवाशांना तेव्हा राग येतो, पण पुढच्या थांब्यांवर उभ्या असलेल्यांसाठी ते आवश्यक असते. २०११ च्या अखेरीस शहरातल्या सर्व, म्हणजे सुमारे एकोणीस हजार थांब्यांची माहिती मोबाईलवर आणि इंटरनेटवर मिळू लागली. जिथे फलक लावणे परवडत नव्हते तो थांबाही बोलू लागला.

ही माहिती सर्वांसाठी मोकळी करण्याचा पायंडा अमेरिकेतल्या पोर्टलँड शहराने पाडला. तिथल्या ट्रायमेट या सार्वजनिक संस्थेने २००५ साली गुगलच्या साहाय्याने आपली वेळापत्रके एका ठराविक नमुन्यात मांडली. तोच नमुना पुढे जगभरच्या शेकडो बससेवांनी उचलला. सिॲटल शहरात २००८ साली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बसची माहिती देणारी सोय तयार केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ही माहिती वापरणारे प्रवासी इतरांपेक्षा जवळजवळ दोन मिनिटे कमी थांबतात, कारण ते घरातून किंवा कचेरीतून नेमक्या वेळी निघतात.

आता भारताकडे येऊ. आपल्याकडे या वाटेवर लवकर पाऊल टाकणाऱ्या शहरांत इंदूरचे नाव घ्यावे लागेल. होळकरांचे हे शहर मराठी माणसाला परके नाही. तिथे डिसेंबर २००५ मध्ये महापालिका आणि विकास प्राधिकरण यांनी मिळून शहर बस कंपनी स्थापन केली आणि २००६ पासून तिच्या गाड्या धावू लागल्या. गाड्या खासगी मालकांच्या, पण मार्ग, दर आणि देखरेख कंपनीकडे. सुरुवातीपासूनच गाड्यांत जीपीएस बसवून थांब्यांवर फलक लावण्याची योजना होती. त्या आधी शहरात मिनीबस आणि टेम्पोंची गर्दी असे आणि जो तो प्रवासी ओढत असे. पुढे १० मे २०१३ रोजी तिथे बससाठी सुमारे साडेअकरा किलोमीटरचा राखीव मार्ग सुरू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो काढून टाकायला परवानगी दिली. गाडी कुठे अडकली आहे हे यंत्र सांगते. तिला वाट मोकळी करून देणे मात्र माणसांच्या निर्णयावर असते.

शेजारच्या कर्नाटकात म्हैसूरला २०१२ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुमारे पाचशे गाड्यांत अशी यंत्रणा आली. थांब्यांवर आणि स्थानकांवर कन्नड-इंग्रजी फलक लागले. मध्यम आकाराच्या शहरात, साध्या सरकारी परिवहन संस्थेला हे जमू शकते, हे त्या प्रयोगाने दाखवले. त्यानंतर देशातल्या अनेक संस्थांनी हा मार्ग धरला.

याच सुमारास एका दुःखद घटनेने या इतिहासाला वेगळे वळण दिले. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत एका खासगी बसमध्ये निर्भयावर अत्याचार झाला. ती बस तासभर राजधानीच्या रस्त्यांवर फिरत होती आणि ती कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर सार्वजनिक वाहनांत ठिकाण सांगणारे यंत्र आणि संकटकाळी दाबण्याचे बटण असावे, असा विचार बळावला. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्राने तसा नियम केला आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना तो लागू झाला.

हा नियम हवाच होता, याबद्दल दुमत नाही. पण त्याचा हेतू सुरक्षिततेचा आहे. गाडीतून निघालेला संदेश नियंत्रण कक्षाकडे आणि मालकाकडे जातो. थांब्यावरच्या माणसापर्यंत तो पोचलाच पाहिजे असे बंधन त्यात नाही, आणि गाड्यांमधले अंतर सांभाळण्याची जबाबदारीही त्यातून कुणावर येत नाही. तसेच चालकाच्या दृष्टीनेही विचार केला पाहिजे. हे यंत्र केवळ त्याला पकडण्यासाठी वापरले गेले, वाहतूक कोंडीचा दंडही त्याच्याच माथी मारला गेला, तर ते वारंवार 'नादुरुस्त' होऊ लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

गोव्याची अडचण नेमकी इथे आहे. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को यांमधली कदंबची थेट शटल सेवा वगळली तर गावोगावच्या प्रवासाचा मोठा भार आजही खासगी गाड्यांवर आहे. खासगी गाडीचे उत्पन्न म्हणजे तिच्यात चढलेले प्रवासी. त्यामुळे स्थानकातून निघताना ती रेंगाळते, कंडक्टर गावांची नावे पुकारत राहतो, आणि मागची गाडी दिसली की तीच गाडी भरधाव सुटते. यात मालकाला लोभी ठरवून काही साधत नाही. त्याच्या कर्जाचा हप्ता तिकिटांवर चालतो. अशा गाडीत कितीही उत्तम यंत्र बसवले तरी ते एवढेच सांगेल की गाडी अजून रेंगाळते आहे. ती वेळेवर सुटावी असे वाटत असेल तर वेळेवर सुटण्याचे पैसे मालकाला मिळाले पाहिजेत. लंडनने २००१ साली नेमके हेच केले, आणि आरंभी ते पाहणी करणाऱ्यांच्या कागद-पेन्सिलीवरच साधले.

म्हणून यापुढे कुठेही बसगाड्यांना जीपीएस बसवल्याची बातमी वाचली की तीन गोष्टी विचाराव्यात. ही माहिती प्रवाशाला दिसणार आहे का? दोन गाड्या एकत्र आल्या तर त्यांना दूर करण्याचे काम कुणाचे? आणि प्रवासी जास्त वेळ थांबला तर कुणाचे पैसे कापले जाणार? पहिल्याचे उत्तर 'हो' असले तर दिलासा मिळेल. तिन्हींची उत्तरे मिळाली तरच सेवा सुधारेल.

संध्याकाळची शेवटची गाडी धरून गावी परतणारी दुकानातली मुलगी, टोपली घेऊन बसलेली मासे विकणारी बाई, दवाखान्यातून निघालेला म्हातारा, यांचा वेळ फुकटचा समजून आजवर आपला कारभार चालत आला. त्यांनी वाट पाहिलेली मिनिटे मोजायला आज काही लाखांची यंत्रेही लागत नाहीत. वहीत एक नवा रकाना आखायचा आणि तो रोज भरायचा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.